मक्याच्या समुद्रातले गाव

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने काय सांगावे याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. न्यूयॉर्कचे मनोरे, नायगाराचा धबधबा आणि पश्चिम किनाऱ्यावरची सिनेमानगरी यांची वर्णने झाली की प्रवासवर्णन सुफळ संपूर्ण! या दोन किनाऱ्यांच्या मधोमध जो अफाट सपाट प्रदेश पसरला आहे, त्याच्यावरून बहुतेक प्रवासी विमानात झोप काढीतच निघून जातात. मी त्या प्रदेशात, आयोवा राज्यातल्या ग्रिनेल नावाच्या गावी, २०२३ साली जुलैच्या आरंभापासून नोव्हेंबर संपेपर्यंत मुक्काम ठोकला. माझी भाची तिथल्या कॉलेजात शिकवते, निमित्त एवढेच. "पण मामा, तिथे तुम्ही पाहिलंत काय?" असे परतल्यावर तिच्याच धाकट्या भावाने मला विचारले. त्याला तोंडी उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

आयोवा हे राज्य मिसिसिपी आणि मिसुरी या दोन नद्यांच्या मध्ये आहे. दे मॉइन या राजधानीहून पूर्वेकडे मोटारीने तासाभराच्या अंतरावर ग्रिनेल लागते. 'लागते' हा शब्द मी मुद्दाम वापरला. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच मका, मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपले की पुन्हा मका, आणि क्षितिजावर धान्याचे एखादे उंच कोठार. आपल्या कणगीची ती पणजी म्हणावी! त्या कोठाराच्या रोखाने गेले की झाडे दिसतात, झाडांत घरे दिसतात आणि मग गाव लागते. वस्ती २०२० च्या खानेसुमारीप्रमाणे साडेनऊ हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला कोणी तालुक्याचे ठिकाणसुद्धा म्हणणार नाही. पण तिथल्या हिशेबाने हे चांगले नांदते गाव आहे.

रस्ते इतके सरळ की फूटपट्टी ठेवून आखल्यासारखे. गंमत अशी की ते खरोखरच तसे आखलेले आहेत. १७८५ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने या भागातली जमीन एक मैल लांब आणि एक मैल रुंद अशा चौकोनांत मोजून काढली. असा एक चौकोन म्हणजे ६४० एकर. त्याचा चतकोर म्हणजे १६०. १८६२ साली लिंकनच्या सरकारने पडीक मुलूख कसणाराला फुकट देऊ केला तोही असा चतकोर चतकोर. विमानातून खाली पाहिले तर सारा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. त्या पटावरचा एक १६० एकरांचा चतकोर पुढे या लेखात यायचा आहे, म्हणून एवढा भूगोल.

गाव वसवले ते जोसाया ग्रिनेल नावाच्या एका धर्मोपदेशकाने, १८५४ साली. हा गृहस्थ काँग्रिगेशनल पंथाचा. मराठी वाचकाला हा पंथ वाटतो तितका परका नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेले आणि १८३१ पासून तेव्हाच्या अहमदनगरात ठाण मांडून बसलेले अमेरिकन मराठी मिशन हे मुख्यतः याच मंडळींचे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त नगरचे जे मिशनवाले साहेब भेटतात, त्यांचे हे धर्मबंधू. जोसायाबुवांनी जमिनीच्या खरेदीखतांतच अट घातली, की या जागेवर दारू विकली गेली तर मालकी गेली! गुलामगिरीचा त्यांना मनस्वी तिटकारा. १८५९ च्या फेब्रुवारीत जॉन ब्राउन मिसुरीतून सोडवलेल्या गुलामांना कॅनडाकडे घेऊन निघाला, तेव्हा वाटेत त्याला या गावाने उघड उघड आसरा दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्राउन फासावर गेला. असे हे गाव पहिल्यापासून जरा शिस्तीचे आणि जरा हट्टी.

हट्ट उपयोगी पडला. १७ जून १८८२ रोजी चक्रीवादळाने गावाचा मोठा भाग आणि कॉलेजच्या इमारती जमीनदोस्त केल्या. गावकऱ्यांनी मेलेल्यांना पुरले आणि कॉलेज पुन्हा बांधायला घेतले. त्याच कॉलेजाने पुढे रूझवेल्टचा उजवा हात म्हणून गाजलेला हॅरी हॉपकिन्स दिला, आणि रॉबर्ट नॉइस दिला. नॉइसची गोष्ट गावात अजून चवीने सांगतात. १९४८ साली वसतिगृहाच्या मेजवानीसाठी या पोराने शेजारच्या शेतातून एक डुकराचे पिल्लू पळवले. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन पैसे द्यायला गेला, तर डुकराचा मालक निघाला गावचा नगराध्यक्ष! डुकरांच्या मुलखात डुक्करचोरी म्हणजे चेष्टा नव्हे. प्रकरण तुरुंगापर्यंत जायचे. ग्रँट गेल नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि कॉलेजचे अध्यक्ष मध्ये पडले आणि सहा महिने कॉलेजबाहेर राहण्याच्या शिक्षेवर निभावले. याच गेलसाहेबांनी नुकत्याच निघालेल्या ट्रान्झिस्टरचे नमुने मिळवून ते नॉइसला दाखवले होते. त्याच नॉइसने १९५९ साली एकाच चकतीवर सारे मंडल बसवण्याची युक्ती काढली आणि १९६८ साली इंटेल ही कंपनी काढली. आज आपल्या खिशातल्या टेलिफोनमध्ये जे चालते त्याचे एक मूळ त्या डुकराला मिळालेल्या माफीत आहे, असे ग्रिनेलकर मानतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण ही झाली इतिहासातली मंडळी. मला भेटली ती शेजारी राहणारी.

आमच्या डाव्या हाताच्या घरात एक एक्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्या राहत. त्या देशात नव्वदीच्या माणसालाही सगळी पोरेटोरे नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते जमेना. भाचीने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. ती त्यांना 'आजी' म्हणे. त्यांनी त्या शब्दाचा अर्थ विचारून घेतला होता आणि भाचीच्या फाटकावर टपाल ठेवताना त्या चिठ्ठीखाली इंग्रजी अक्षरांत 'आजी' अशीच सही करीत. मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनीच लहान. पण मीही त्यांना आजीच म्हणू लागलो.

आजींच्या घरी दिवस पहाटे साडेपाचला उगवे आणि जेवण संध्याकाळी साडेपाचला होई. साडेआठला पाने घेणाऱ्या आम्हां पुणेकरांना ते दुपारचे खाणे वाटे. रविवारी चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण. प्रत्येक घरचा एक पदार्थ. बहुतेक पदार्थ खोलगट भांड्यात भट्टीत भाजलेले : शेवया, चीज, डबाबंद सूप आणि वर कुरकुरीत काहीतरी. गोडात 'पाय'. सफरचंदाचा पाय, भोपळ्याचा पाय. "मामा, आणखी थोडा पाय घ्या," असे भाची म्हणाली तेव्हा मला जे हसू फुटले त्याचा अर्थ मी कुणालाच समजावू शकलो नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचे नाव लिहिलेले असते. कारण ही भांडी सतत गावभर फिरत असतात. कुणाकडे मूल झाले, कुणाचा पाय मोडला, कुणाकडे मयत झाले, की दुसऱ्या दिवसापासून त्या दारी रोज एक भांडे येते. कोणत्या दिवशी कुणी न्यायचे याची यादी आधीच झालेली असते. एका घरच्या गृहस्थांना कर्करोग झाला तेव्हा सलग सात आठवडे त्या घरी चूल पेटली नाही, असे आजींनी सांगितले. आपल्याकडे सुतक असलेल्या घरी शेजारचा पिठलंभात जातो तो तीन दिवस. इथे सात आठवडे!

मी पोचलो त्याच महिन्यात जिल्ह्याची जत्रा होती. जत्रा म्हणजे पाळणे आणि साखरेचा कापूस आहेच. पण खरी जत्रा गोठ्यांत. दहा-बारा वर्षांची मुले वर्षभर स्वतः पाळलेले डुक्कर, वासरू, मेंढी घेऊन येतात, परीक्षक त्यांना फिती देतात, आणि शेवटी त्या जनावरांचा लिलाव होतो. आयोवात माणशी सात डुकरे आहेत. तिथे डुकराचे नवल ते काय! तरीही एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे डुक्कर मी बाजारभावाच्या तिप्पट किमतीला विकले गेलेले पाहिले. बोली चढवणारे होते गावातला दातांचा डॉक्टर आणि बियाण्यांचा व्यापारी. हा काय व्यवहार, असे मी आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "तिला पुढे कॉलेजात जायचे आहे ना." एवढे बोलून त्या लिंबाचे सरबत आणायला निघून गेल्या. त्या मुलीचा बाप आजींची जमीन खंडाने करीत होता, हे मला मागाहून कळले.

आता तो १६० एकरांचा चतकोर. तो आजींच्या सासऱ्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. नवरा गेल्यावर आजी गावात राहायला आल्या आणि जमीन एका पस्तिशीच्या तरुणाकडे खंडाने गेली. तो रात्री एका गोदामात नोकरी करी आणि दिवसा शेती. आयोवातली निम्म्याहून अधिक जमीन अशी खंडाने कसली जाते, आणि दोनतृतीयांश जमीन पासष्टी उलटलेल्या माणसांच्या नावावर आहे. १९०० च्या सुमारास त्या राज्यात दोन लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची शेते होती. २०२२ च्या शेतीगणनेत ती नव्वद हजारांच्याही खाली आली. जमीन तेवढीच, यंत्रे मोठी, माणसे कमी. माणसे कमी की शाळा कमी. गावच्या शाळेचे नाव 'ग्रिनेल–न्यूबर्ग' असे जोडनाव आहे. न्यूबर्ग हे शेजारचे खेडे. त्याची स्वतंत्र शाळा मोडून या शाळेत मिळाली, तेवढे त्या आडव्या रेघेने सांभाळून ठेवले आहे. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर दिवे लागतात आणि फुटबॉल पाहायला सारे गाव लोटते. तेव्हा न्यूबर्गची माणसे कोणती आणि ग्रिनेलची कोणती हे काही ओळखू येत नाही.

कारखान्यांचा भरवसाही नाही. पश्चिमेला वीस मैलांवर न्यूटन नावाचे गाव आहे. १८९३ पासून तिथे मेटॅग कंपनीचे नाव होते. पुढे तिची कपडे धुण्याची यंत्रे अमेरिकाभर गेली. २००६ साली ती कंपनी विकली गेली आणि २००७ च्या ऑक्टोबरात कारखाना बंद पडला. ग्रिनेलमधूनही कितीतरी माणसे रोज तिथे कामाला जात. २०२० च्या १० ऑगस्टला 'डेरेचो' नावाचे वादळ सरळ रेषेत आयोवाभर धावत गेले. उभा मका आडवा झाला आणि गावात कित्येक दिवस वीज नव्हती. आजी म्हणाल्या, त्या आठवड्यात सगळ्यांच्या शीतपेट्यांतले मांस एकदमच वितळू लागले, म्हणून रस्त्यारस्त्यांवर शेगड्या मांडून सगळ्यांनी ते शिजवले आणि एकत्र बसून खाल्ले.

या अशा मुलखात जमिनीचा भाव मात्र चढता. २०२३ साली राज्यातली सरासरी एकरी पावणेबारा हजार डॉलरांच्या वर होती. आजींना दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगे दूरच्या शहरांत नोकरीला. मुलगी तिथल्याच शाळेत शिक्षिका. मुलग्यांचे म्हणणे, भाव आहे तोवर विकून टाकावे. त्यांच्या घरांवर कर्जे होती, मुले कॉलेजात होती. त्यांचे म्हणणे अगदीच स्वार्थाचे होते असे मी म्हणणार नाही. मुलीचे म्हणणे, जमीन त्या तरुणाकडेच राहावी. आयोवात कुळाला नोटीस द्यायची ती १ सप्टेंबरच्या आत; खंडाचे वर्ष संपते १ मार्चला. त्यामुळे सारा ऑगस्ट महिना आजींच्या घरचा टेलिफोन वाजत होता. शेवटी त्यांनी चतकोराचे दोन तुकडे केले. ८० एकर विकायचे आणि मुलांना वाटून द्यायचे, ८० एकर स्वतःच्या नावावर ठेवून त्या तरुणालाच कसू द्यायचे. कायद्याने नोटीस टपालाने पाठवली तरी चालते. आजी ती स्वतःच्या हाताने द्यायला मोटार चालवीत त्याच्या घरी गेल्या आणि दोन तासांनी परत आल्या. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला 'कसेल त्याची जमीन' झाली, कुळे मालक झाली, हे मी आजींना एकदा सांगितले. त्यांनी विळी-अडकित्त्याची गोष्ट ऐकावी तशी ती कुतूहलाने ऐकली. "आणि मालकांचे काय झाले?" त्यांनी विचारले. माझ्या आजोबांची आठ एकर त्यात गेली होती. मी म्हणालो, "मालकांची मुले शिकून शहरांत गेली." त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारखेच की!"

लिलाव दिवाळीनंतर आठवड्याने, एका सभागृहात झाला. मी भाचीबरोबर गेलो. कॉफीची मोठी किटली, डोनट, खुर्च्यांवर टोप्या घातलेले साठ-सत्तर शेतकरी. लिलाव पुकारणाऱ्याच्या तोंडाचा पट्टा असा की आपले कीर्तनकार मागे पडावेत. पहिल्या दोन-चार बोलींनंतर मला काहीतरी निराळे जाणवले. सगळे शेतकरी हाताची घडी घालून बसले होते. बोली चढवत होता फक्त तो तरुण. त्याची बायको शेजारी बसून मांडीवरच्या कागदाकडे पाहत होती.

भाचीने मला हळूच जुनी गोष्ट सांगितली. १९३० नंतरच्या मंदीत बँका शेते जप्त करून लिलावाला काढीत, तेव्हा या भागातले शेतकरी जमून जाणूनबुजून कवडीमोलाची बोली लावीत. दुसरा कोणी तोंड उघडू धजत नसे. मग ज्याचे त्याला परत. त्या काळच्या आज्यापणज्यांची ही नातवंडे घड्या घालून बसली होती. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते.

पण भिंतीला टेकून एक बाई कानाला टेलिफोन लावून उभी होती. दर वेळी ती बोट वर करी. टेलिफोनच्या पलीकडे कोण आहे हे सभागृहात कुणालाच ठाऊक नव्हते. आणि ज्याला शेजार नाही त्याला शेजाऱ्यांची भीडही नाही. तरुण दहा हजारांवर आला, दहा हजार दोनशेवर आला. बायकोने कागदावर एक रेघ ओढली. त्याने मान हलवली. ८० एकर एकरी दहा हजार चारशेला टेलिफोनवाल्याला गेले. पुकारणाऱ्याने हातोडा आपटला तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. एकेक शेतकरी उठला, त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला. थोरला मुलगा आईजवळ आला आणि म्हणाला, "चांगला भाव आला, आई." आजी म्हणाल्या, "हो, आला."

चारच दिवसांनी 'थँक्सगिव्हिंग'चा सण होता. आम्हालाही बोलावणे होते. मला वाटले, आता त्या घरात भावाबहिणींची तोंडे दोन दिशांना असणार. पण मेजाभोवती तिघेही होते, आणि आणखी चौघे होते : तो तरुण, त्याची बायको, ती डुकराची मालकीण आणि तिचा छोटा भाऊ. आजींनीच बोलावले होते. पहिली दहा मिनिटे बशा आणि चमचेच काय ते बोलत होते. मग धाकट्या मुलाने विचारले की राहिलेल्या ८० एकरांत पाणी साचते तो कोपरा अजून तसाच आहे का. तरुण म्हणाला, निचऱ्याच्या नळ्या फुटल्या आहेत, वसंतात बदलायला हव्यात. थोरल्याने विचारले, खर्च किती येईल? आकडा ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, निम्मा आम्ही तिघे देऊ. बहिणीने त्याच्याकडे पाहिले आणि बटाट्यांचे भांडे त्याच्यापुढे सरकवले. भाचीने दिवाळीच्या उरलेल्या चिरोट्यांचा डबा नेला होता, त्याचा शेवटी फन्ना उडाला.

अशा गावाला कुणी स्वर्ग म्हणू नये. हिवाळा कडक असतो. दवाखान्याला विशेष तज्ज्ञ मिळणे कठीण. आगगाडीचे रूळ गावातून जातात, पण उतारूंच्या गाड्या १९७० सालीच थांबल्या. आता जाते ती मालगाडी. शिकलेली पोरे बाहेर पडतात ती सणापुरती परत येतात. हे सारे मला कोकणातल्या आणि देशावरच्या कितीएक गावांच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटले. फरक एवढाच, की आपण गावाची आठवण काढतो ती बहुधा मुंबईत बसून; इथे जे मागे राहिले आहेत ते गाव चालवण्याचे काम रोज उठून करतात. त्यांच्या हाती टेलिफोनवाला अडवण्याचे बळ नाही. पण निचऱ्याच्या नळ्या बदलता येतात, भांडी फिरवता येतात, आणि कुणाची मुलगी कॉलेजात जायची आहे हे ध्यानात ठेवता येते.

परवा भाचीचा फोन आला होता. विकलेल्या तुकड्यावरचे जुने घर नव्या मालकाने पाडले, भोवतीची झाडेही गेली, आणि आता मका थेट रस्त्यापर्यंत येतो. २०२४ च्या जत्रेत त्या मुलीने पुन्हा डुक्कर आणले होते. ते आजींनी घेतले. काय भावाने, ते भाचीने सांगितले. पण आजींच्या थोरल्या मुलाला कळू द्यायचे नाही, असेही सांगितले.